परत आलेलं पोतं

ठाण्यातल्या एका घरातून दिवाळीच्या तोंडावर खेळण्यांचं भलंमोठं पोतं जवळच्या अंगणवाडीत गेलं. घर प्रस्तुत लेखिकेचं. पोतं द्यायचं, दोन गोड शब्द ऐकायचे आणि निघायचं, असा बेत होता. सेविकाबाईंनी मात्र ते तिथंच सतरंजीवर ओतलं आणि एकेक वस्तू हातात घेऊन बघायला बसल्या. चाक नसलेली गाडी डावीकडे. टोपण हरवलेली स्केचपेनं डावीकडे. जिगसॉचे तुकडे त्यांनी चक्क जुळवून पाहिले; हत्तीची सोंड आणि एक पाय गायब, म्हणून तोही डावीकडे. ढोल वाजवणाऱ्या अस्वलाच्या पाठीवरचं झाकण उघडलं, तर आत सेल फुटून पाझरलेले आणि स्प्रिंगांवर पांढरी-हिरवी पूड. “ताई, रागावू नका,” बाई म्हणाल्या, “पण यातलं मी पोरांपुढं काय ठेवू?” उजवीकडे उरले लाकडी ठोकळे, एक चेंडू, भातुकलीची भांडी आणि एक बाहुली. बाकीचं पोतं रिक्षात घालून घरी परत.

राग आला होताच. पण बाईंचं म्हणणं खोडून काढता येण्यासारखं नव्हतं. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं येतात आणि त्यांच्या मागोमाग आईच्या कडेवरून त्यांची रांगती भावंडंही. रांगणाऱ्या मुलाच्या हाती लागेल ते तोंडात जातं. खेळणं धड आहे की नाही, हे देणाऱ्यानंच बघायचं असतं. ते काम घेणाऱ्यावर ढकललं, तर आपण फक्त कचऱ्याचा पत्ता बदललेला असतो.

खेळणी साठतात कशी, याचा दोष मुलांच्या माथी मारण्यात अर्थ नाही. वाढदिवसाला आलेलं मूल हात हलवत परत जायला नको म्हणून रिटर्न गिफ्ट. जत्रेत आजोबांनी घेतलेली पिपाणी. चॉकलेटच्या अंड्यातून निघालेलं, जोडायला दहा मिनिटं लागणारं आणि मोडायला एक मिनिट पुरणारं काहीतरी. यातली रिटर्न गिफ्टची प्रथा तर सरळ बंद व्हावी, असं या लेखिकेचं मत आहे. सोसायटीतल्या सगळ्याच घरांत तीच तीन-चार प्लास्टिकची खेळणी फिरत असतात आणि कुणालाच ती नको असतात.

पसारा कमी करण्याचा फायदा फक्त केरसुणीला होतो असंही नाही. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. दीड ते अडीच वर्षांच्या 36 मुलांना एकदा चार खेळणी देऊन आणि एकदा सोळा खेळणी देऊन खेळायला सोडलं. चारच खेळणी समोर असताना मुलं एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली आणि तेच खेळणं जास्त तऱ्हांनी खेळली. सोळा असताना ती एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहिली. अभ्यास लहान आहे, त्यातून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण ज्यांच्या घरी मूल आहे, त्यांना तो ओळखीचा वाटेल.

आता परत आलेल्या पोत्याचं काय झालं ते. डावीकडचा ढीग घरी जमिनीवर मांडला, तेव्हा सगळ्यात आधी हात घालावा लागला सेलांना. अल्कलाइन सेल पाझरतो तेव्हा त्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं. ते कातडी जाळतं, म्हणून हातमोजे घालूनच ते साफ करावं. कापसाला थोडं व्हिनेगर लावून स्प्रिंगा पुसल्या, तर कधीकधी खेळणं पुन्हा चालूही होतं. मुळात सुट्टी संपली की ज्या खेळण्यांशी महिनाभर कुणी खेळणार नाही, त्यांतले सेल काढून ठेवले तर ही वेळच येत नाही.

बटण सेलांची गोष्ट वेगळी आणि जास्त गंभीर. गाणारी पुस्तकं, लुकलुकणारे भोवरे, छोटे रिमोट, संगीत वाजवणारी शुभेच्छापत्रं या सगळ्यांत ते असतात. लहान मुलानं असा सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून खोल भाजू शकतं. सेल संपलेला असला तरीही. संशय आला की उलटी काढण्याच्या नादी न लागता थेट रुग्णालय गाठायचं. ज्या खेळण्याच्या सेलचं झाकण स्क्रूनं बंद होत नाही, ते लहान मूल असलेल्या घरात ठेवूही नये आणि कुणाला देऊही नये. सुटे चुंबक निघालेल्या खेळण्यांनाही हाच नियम. दोन चुंबक पोटात गेले तर ते आतड्याच्या दोन वेढ्यांना मध्ये चिमटून एकमेकांना चिकटतात, आणि मग शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसतं अशी वेळ येऊ शकते.

लहान तुकड्यांसाठी घरगुती माप म्हणून टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीचा उपयोग होतो: नळीतून जे आरपार जातं, ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या वाटेत नको. खेळण्यावर आयएसआयचा शिक्का आहे का, हेही उलटून बघावं. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खेळण्यांना तो आपल्याकडे सक्तीचा आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना यातून सूट मिळते, त्यामुळे सावंतवाडीच्या लाकडी फळांवर शिक्का दिसला नाही, एवढ्यावरून बिचकायचं कारण नाही. हाताला चिकट लागणारी जुनी, मऊ प्लास्टिकची खेळणी मात्र सरळ काढून टाकावीत.

आवराआवर मुलासमोर करावी की ते शाळेत गेल्यावर, यावर घराघरांत मतभेद असतात. गुपचूप केलं की काम पटकन होतं. पण मग हरवलेल्या प्रत्येक वस्तूसाठी मूल आईलाच जाब विचारतं, जी वस्तू खरोखर पलंगाखाली असते तिच्यासाठीसुद्धा. समोर बसवून “यातलं काय टाकायचं?” असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: काहीच नाही. त्याऐवजी “या खोक्यात मावतील तेवढी तुझी आवडती निवड,” म्हटलं की निवड जमते. उरलेल्यांतली धड खेळणी दुसऱ्या खोक्यात भरून, वर तारीख घालून, माळ्यावर टाकावीत. मे महिन्यात खोकं उतरवलं की निम्मी नवी वाटतात. ज्यांची आठवणही निघाली नाही, ती देण्याच्या लायकीची.

वेळ साधायची ती सहामाही संपल्यावर, वसुबारसेच्या आधी. पंखे पुसणं, डबे घासणं आणि खेळणी हे एकाच दिवशी काढलं की कंटाळून सगळं पोत्यातच जातं. संच एकत्र राहिले पाहिजेत. प्रत्येक जिगसॉच्या तुकड्यांमागे पेन्सिलीनं एकच खूण करावी. ठोकळ्यांना श्रीखंडाचा रिकामा डबा उत्तम, आणि वाचता न येणाऱ्या मुलासाठी डब्यावर आतल्या वस्तूचं चित्र चिकटवावं. महागड्या, रंगीत ऑर्गनायझरांची गरज नाही. तेही कालांतरानं पसाऱ्यातच भर घालतात.

किल्ल्यावरच्या चित्रांना या छाटणीतून वगळावं. महाराज, मावळे, तोफा, गवळण यांना वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळ्या खोक्यात ठेवायचं. हात तुटलेला मावळा बुरुजाआड उभा करता येतो, आणि मुलांना तो नव्यापेक्षा जास्त प्रिय असतो.

देण्याजोगं जे उरेल ते धुऊन, वाळवून, संचांवर नाव घालून द्यावं. कापडी अस्वलं 60 अंशांच्या पाण्यात धुतली तर धुळीतले किडेही मरतात. लेबलवर तेवढं गरम पाणी चालतं का, ते आधी बघावं. बंद पडलेली इलेक्ट्रिक खेळणी कचऱ्याच्या गाडीत टाकू नयेत. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत त्यांचाही समावेश आहे, म्हणून ती आणि जुने सेल संकलन केंद्रावरच पोचवावेत.

आणि निघण्याआधी एक फोन करा. त्या अंगणवाडीला, बालवाडीला किंवा संस्थेला विचारा, की तुम्हाला नक्की काय हवंय. आमच्या सेविकाबाईंना हव्या होत्या दोन दोरीच्या उड्या आणि रंगीत खडू. घरात दोन्ही पडून होतं.