भूमिगत प्लॅस्टिक नळांचा वेध

रस्त्याच्या खोदाईत कुदळीचा घाव जलवाहिनीवर बसला, तर वस्तीचा पाणीपुरवठा खंडित होतो. वायुवाहिनीवर बसला, तर मजुराच्या जिवावर बेतते. पूर्वीच्या बिडाच्या नळांचा माग धातुशोधक यंत्राने लागत असे. आता मोठ्या प्रमाणावर वापरात असलेले पीव्हीसी व पॉलिएथिलीनचे नळ गंजत नाहीत. परंतु विद्युत्‌वाहक नसल्यामुळे ते या यंत्राला सापडत नाहीत. अशा वेळी भूवेधी रडार उपयोगी पडते.

हे यंत्र ढकलगाडीवर बसविलेले असते. त्यातून रेडिओलहरींचे अतिशय अल्पकालीन स्पंद जमिनीत सोडले जातात. पदार्थाचा परावैद्युत अंक जेथे बदलतो, तेथून लहरींचा काही अंश परत फिरतो. हा अंक हवेचा १, कोरड्या वाळूचा ३ ते ५, तर पाण्याचा सुमारे ८० असतो. म्हणूनच कोरड्या वाळूतील पाण्याने भरलेला प्लॅस्टिकचा नळ ठळकपणे उमटतो.

परतीस लागलेल्या वेळेवरून खोली काढतात. परावैद्युत अंक ९ असलेल्या मातीत लहर एका सेकंदाच्या अब्जांशात १० सेंटिमीटर जाते. जाऊन येण्यास असे २० अब्जांश लागले, तर वस्तू १ मीटर खोल आहे, असे समजावे. गाडी नळाला आडवी नेली असता पडद्यावर कमान उमटते. कमानीचा माथा हे नळाचे स्थान आणि दोन माथ्यांतील अंतर हे दोन नळांमधील अंतर होय.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. नळ फार जवळ असतील, तर कमानी एकमेकींत मिसळतात. कमी कंप्रतेच्या लहरी अधिक खोल जातात, पण चित्र अस्पष्ट होते. ओली चिकणमाती लहरी शोषून घेते. त्यामुळे महाराष्ट्रातील काळ्या जमिनीत पावसाळ्यात केलेल्या पाहणीवर विसंबणे धोक्याचे ठरते. पडद्यावर काही दिसले नाही, याचा अर्थ खाली काही नाही, असा होत नाही. यास्तव यंत्राने दाखविलेल्या जागी प्रथम हाताने चाचणी खड्डा घेणे इष्ट होय.

नवा प्लॅस्टिक नळ टाकतानाच त्यासोबत तांब्याची मागदर्शक तार पुरावी आणि नकाशात त्याची नोंद करावी, हा सर्वांत स्वस्त उपाय होय. खोदणारे व वाहिन्यांचे मालक यांच्यात पूर्वसूचनेची देवघेव व्हावी, यासाठी केंद्र शासनाने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. खोदाईपूर्वीची चौकशी, यंत्राने पाहणी आणि चाचणी खड्डा हा क्रम पाळल्यास बरेच अपघात टळू शकतील.