थंडीतही जागे राहणारे जिवाणू

गेल्या उन्हाळ्यात माझी धाकटी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी मस्कतला आमच्याकडे आली. सातवा महिना होता. एका दुपारी तिने फ्रीज उघडला आणि पाच-सहा दिवसांपूर्वी फोडलेल्या पाकिटातले चिकनचे थंड काप पावात घालून खायला घेतले. मी तिला थांबवले तेव्हा ती म्हणाली, "अगं आई, फ्रीजमध्येच तर होतं. त्याला काय होतंय?"

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली, पण या साध्या प्रश्नाचे नीट उत्तर घरच्यांना मी कधी दिलेच नव्हते. ते तिला त्या दुपारी दिले. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आठवड्याची खरेदी एकदम होते आणि फ्रीज भरलेला असतो, म्हणून तेच आपणा सर्वांसाठी लिहीत आहे.

पहिली गोष्ट ही, की फ्रीजच्या थंडीने जिवाणू मरत नाहीत. त्यांचे काम मंदावते, इतकेच. ते का मंदावते आणि काही जिवाणू त्यावर मात कशी करतात, हे समजले की बाकीची पथ्ये आपोआप पटतात.

जिवाणूच्या पेशीत डीएनए हे मूळ दप्तर असते. हव्या त्या प्रथिनाची कृती त्यातून आरएनएच्या एकेरी धाग्यावर उतरवून घेतली जाते. रायबोसोम नावाचे यंत्र तो धागा वाचत जाते आणि प्रथिन तयार करते. डीएनए आणि आरएनए या दोन्हींना न्यूक्लिइक आम्ले म्हणतात. आरएनएचा एकेरी धागा स्वतःवरच दुमडतो आणि त्याचे भाग एकमेकांना चिकटतात. उबेत हे गुंते सहज सुटतात, थंडीत मात्र ते पक्के बसतात. गाठ पडलेला दोरा जसा सुईतून ओढला जात नाही, तसे रायबोसोमचे वाचन अडते. प्रथिने बनेनाशी होतात आणि जिवाणूची वाढ थांबते.

पण कायमची नाही. अमेरिकेतील न्यू जर्सी येथे मासायोरी इनोये यांच्या प्रयोगशाळेने १९९० साली एक महत्त्वाचा शोध प्रसिद्ध केला. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूला ३७ अंशांवरून एकदम १० अंश सेल्सिअसला नेले, की त्याची वाढ काही तास थबकते. त्या काळात बहुतेक प्रथिनांचे उत्पादन घटते, पण एक छोटे प्रथिन झपाट्याने तयार होते. नव्याने बनणाऱ्या एकूण प्रथिनांत त्या एकाचाच वाटा १३ टक्क्यांपर्यंत जातो. त्याला सीएसपीए असे नाव मिळाले. अशा प्रथिनांना शीत-आघात प्रथिने म्हणतात.

हे प्रथिन अवघ्या ७० अमिनो आम्लांचे आहे. त्याच्या पाच पट्ट्या वळून एक लहानसे पिंप तयार होते. पिंपाच्या एका बाजूवर धन विद्युतभार असतो, तर न्यूक्लिइक आम्लाच्या कण्यावर ऋण भार असतो. त्यामुळे धागा प्रथिनाकडे ओढला जातो. त्याच बाजूला फिनाइलअ‍ॅलॅनिन आणि हिस्टिडिन या अमिनो आम्लांची चपटी कडी बाहेर आलेली असतात. धाग्यावरची 'अक्षरे' म्हणजे बेसही चपटेच असतात. भाकऱ्यांची चवड रचावी तशी ही कडी बेसवर जाऊन बसतात. मग ते बेस आपल्या जोडीदाराला चिकटायला मोकळे राहत नाहीत आणि धागा सरळ राहतो. ही पकड फार घट्ट नसते. रायबोसोम आला की प्रथिन बाजूला होते आणि वाचन पुढे सरकते.

याच प्रयोगशाळेत संगीता फडतरे यांनी या कुटुंबातील सीएसपीई या प्रथिनावर काम केले. हे नाव वाचून मराठी माणसाला बरे वाटेलच. २००२ आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व सहकाऱ्यांच्या शोधनिबंधांतून एक मार्मिक गोष्ट पुढे आली. प्रथिनातील तीन ठरावीक कडी बदलली, तर गुंता सोडवण्याची त्याची ताकद जाते. धाग्याला चिकटणारी, पण गुंता सोडवू न शकणारी अशी प्रथिनेही त्यांनी तपासली. त्यांच्या बळावर जिवाणूला थंडीशी जुळवून घेता आले नाही. म्हणजे नुसते धरणे पुरत नाही, सोडवणेही जमावे लागते.

आता पुन्हा आपल्या फ्रीजकडे वळू. ई. कोलायची वाढ ७-८ अंशांच्या खाली जवळजवळ थांबते. लिस्टेरिया नावाचा जिवाणू मात्र ४ अंशांवरही हळूहळू वाढतो. त्याच्याकडेही याच कुटुंबातील तीन प्रथिने आहेत. निरोगी माणसाला त्याचा सहसा फारसा त्रास होत नाही. पण गरोदर स्त्रीला नुसती कणकण वाटते आणि पोटातले बाळ दगावू शकते. वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनाही मोठा धोका असतो. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ साली तयार मांसपदार्थातून ही साथ पसरली. एक हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि दोनशेहून अधिक दगावले. मुलीच्या हातातला पाव मी का काढून घेतला, ते आता लक्षात आले असेल.

काय करावे?

१. फ्रीजमध्ये साधा थर्मामीटर ठेवावा. तापमान ५ अंशांच्या आत हवे. मी ठेवला तेव्हा आमच्या खचाखच भरलेल्या फ्रीजने ९ अंश दाखवले! हवा खेळायला जागा ठेवावी.

२. मस्कतच्या उन्हाळ्यात दूध, मांस, मासे गाडीत ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नये. ३२ अंशांच्या वर एक तास हीच मर्यादा समजावी.

३. उरलेले अन्न दोन तासांच्या आत उथळ भांड्यात काढून फ्रीजमध्ये ठेवावे, तीन-चार दिवसांत संपवावे आणि खाताना वाफा येईपर्यंत गरम करावे. चांगल्या उष्णतेने लिस्टेरिया मरतो, फ्रीजरमध्ये मात्र तो टिकून राहतो.

४. गरोदरपणी मांसाचे थंड काप, न तापवलेल्या दुधाचे पदार्थ आणि मऊ चीज टाळावे. ताप आल्यास डॉक्टरांना दाखवावे. या आजाराची लक्षणे कित्येक आठवड्यांनीही दिसू शकतात, म्हणून आधी काय खाल्ले तेही सांगावे.

५. वीज गेल्यास फ्रीजचे दार उघडू नये. बंद फ्रीज साधारण चार तास थंड राहतो. २००७ च्या गोनू वादळात आम्ही भरलेला फ्रीज जड मनाने रिकामा केला होता. टाकलेले अन्न इस्पितळाच्या बिलापेक्षा स्वस्तच पडते.

मुलीचे बाळंतपण सुखरूप पार पडले. परवा तिचा फोन आला. तिने तिच्या घरीही थर्मामीटर आणला आहे आणि आता सासूबाई रोज सकाळी तो वाचतात. फ्रीज आपल्याला थोडा वेळ मिळवून देतो, अभय देत नाही, एवढे आपण सर्वांनी लक्षात ठेवावे.