प्लीहा काढण्याची दुर्बीण-शस्त्रक्रिया : रुग्णाची स्थिती व पद्धती

पोटाच्या डाव्या बाजूस बरगड्यांच्या आड असणाऱ्या प्लीहेस ग्रामीण भागात पाणथरी म्हणतात. प्रौढ व्यक्तीत तिचे वजन सुमारे १५० ग्रॅम असते. जीर्ण रक्तपेशी गाळणे व रोगजंतूंचा प्रतिकार करणे ही तिची कामे होत. रक्तातील बिंबाणू (प्लेटलेट) नष्ट होण्याचा विकार व काही आनुवंशिक रक्तक्षय यांत औषधोपचारांनी गुण न आल्यास ती काढावी लागते. १९९१ पासून ही शस्त्रक्रिया दुर्बिणीद्वारेही करण्यात येते. प्लीहा अतिशय वाढलेली असल्यास मात्र पोट उघडणे अधिक सुरक्षित ठरू शकते.

प्लीहा नाजूक व रक्ताने भरलेली असते. ओढाताण झाल्यास ती फाटून मोठा रक्तस्राव होतो. म्हणून तिला न ओढता अवयवांच्या भाराचाच उपयोग करून घेतात. भूल दिल्यावर रुग्णास उजव्या कुशीवर निजवून बरगड्या व कंबर यांमधील भागाशी टेबल वाकवितात. त्यामुळे डावी कूस ताणली जाऊन जागा मोकळी होते. डोक्याकडील बाजू किंचित उंच केल्याने जठर व आतडी खाली उतरतात आणि प्लीहा श्वासपटलास टांगल्यासारखी राहते. नसांवर दाब येऊ नये म्हणून काखेजवळ व गुडघ्यांमध्ये गाद्या ठेवतात आणि रुग्णास पट्ट्यांनी स्थिर करतात.

पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून तीन-चार लहान छिद्रांतून दुर्बीण व उपकरणे घालतात. प्रथम मोठ्या आतड्याकडील व नंतर जठराकडील बंध सोडवितात. पुढे स्वादुपिंडाचे शेपूट सांभाळून मुख्य रक्तवाहिन्या बंद करून कापतात. श्वासपटलाकडील बंध शेवटी तोडतात, कारण तोपर्यंत प्लीहेस तोच आधार असतो. मोकळी झालेली प्लीहा पिशवीत घालून, तिचे तुकडे करून बाहेर काढतात. तुकडा पोटात सांडल्यास तो तेथेच रुजू शकतो. काही व्यक्तींत असणारी लहान उपप्लीहाही शोधावी लागते, अन्यथा मूळ विकार उलटण्याचा संभव असतो. रक्तस्राव न आवरल्यास पोट उघडणे हे अपयश नसून दक्षता होय.

जखमा लहान असल्या, तरी प्लीहेची उणीव कायमची असते. यास्तव न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस व हिमोफिलस या जंतूंविरुद्धच्या लसी शक्यतो शस्त्रक्रियेपूर्वी किमान दोन आठवडे द्याव्यात. अशा व्यक्तीस पुढे केव्हाही ताप आल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता तिला त्वरित रुग्णालयात न्यावे व प्लीहा काढल्याचे डॉक्टरांस सांगावे. विद्यार्थ्याच्या बाबतीत ही माहिती पालकांनी शिक्षकांसही द्यावी.