कुरव पक्षी : भीमेच्या पाण्यावरचा समुद्रपाहुणा

निरवांगीच्या माणसास समुद्र म्हटला म्हणजे घाटाखालचा, दूरचा वाटतो. आपल्यास ठाऊक असलेली पाणी दोनच. तालुक्याच्या दक्षिणेस नीरा आणि उत्तरेस भीमा. तथापि कोकणच्या किनाऱ्यावर नित्य दिसणारा एक पक्षी दर हिवाळ्यात आपल्याच इंदापूर तालुक्यात मुक्कामास येतो. त्यास मराठीत कुरव म्हणतात. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ ह्या गावांच्या बाजूस उजनीच्या फुगवट्यावर तो पाहावयास मिळतो. त्याची राहणी कशी आहे, हे आजच्या पाठात पाहू.

१. ओळख

आपल्याकडे येणाऱ्या कुरवांत तपकिरी डोक्याचा कुरव मुख्य होय. अंगाने तो कावळ्याएवढा असतो. परंतु पंख लांब असून ते पसरले म्हणजे दोन हातांहून अधिक भरतात. पोट पांढरे, पाठ राखी, चोच व पाय तांबडे, आणि पंखांची टोके काळी असून त्यांत पांढरे ठिपके असतात. नावावरून डोके तपकिरी असावे असे वाटेल, पण हिवाळ्यात ते पांढरेच असते. डोळ्यामागे मात्र एक काळसर डाग दिसतो. परत जाण्याची वेळ जवळ आली म्हणजे डोक्यावर तपकिरी पिसे येऊ लागतात.

पुष्कळ लोक सुरय पक्ष्यास कुरव समजतात. भेद सोपा आहे. नदीवरच्या सुरयाचे शेपूट कात्रीसारखे दुभागलेले असते, आणि तो वरून पाण्यात सूर मारतो. कुरवाचे शेपूट सरळ कापल्यासारखे असते, आणि बोटांमध्ये पडदा असल्यामुळे तो बदकाप्रमाणे पाण्यावर बसून पोहतो.

२. जन्मस्थान व प्रवास

हा पक्षी समुद्राचा म्हणून गणला जातो, पण त्याचा जन्म समुद्रकाठी होत नाही. तिबेट व मध्य आशियाची उंच पठारे हे त्याचे माहेर. आपल्या देशात लडाखमधील त्सो मोरीरी सरोवराजवळ तो वीण करितो. ते सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे १४,८०० फूट उंचीवर आहे. तेथे उन्हाळ्यात बेटांवर व दलदलीत पुष्कळ जोडपी एकत्र घरटी करितात. मादी बहुधा दोन किंवा तीन अंडी घालते, आणि नर व मादी दोघेही पिलांचे संगोपन करितात. थंडी पडून सरोवरे गोठू लागली म्हणजे अन्न मिळेनासे होते; तेव्हा हे पक्षी हिमालय ओलांडून दक्षिणेस येतात, आणि एप्रिलच्या सुमारास परततात.

समुद्रावर राहण्याचे एक विशेष साधन कुरवास लाभले आहे. त्याच्या डोळ्यांच्या वर दोन ग्रंथी असतात. खारे पाणी प्याल्याने रक्तात जमणारे जादा मीठ त्या वेगळे करितात, आणि ते नाकपुड्यांवाटे थेंबाथेंबाने बाहेर पडते. यास्तव त्यास समुद्र व गोडे पाणी दोन्ही चालतात.

३. आपल्याकडे तो का राहतो?

सोलापूर जिल्ह्यात उजनी येथे भीमेवर बांधलेले धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या पाण्याखाली अनेक गावांची घरे व काळी जमीन गेली. पळसदेवचे जुने देऊळ पाणी आटलेल्या वर्षी वर दिसते, ते त्याचीच साक्ष देते. मनुष्याने जे गमावले त्याच ठिकाणी पक्ष्यांस आश्रय मिळाला. हिवाळा सरू लागला म्हणजे पाणी ओसरते, चिखल उघडा पडतो, आणि किडे, झिंगे व लहान मासे सहज हाती लागतात. कोळ्यांच्या होड्यांमागे जाऊन टाकून दिलेली मासळीही कुरव उचलतो. प्रसंगी दुसऱ्याच्या चोचीतला घास हिसकावून घेतो. मेलेले मासे व घाणही तो खातो, म्हणून काठ स्वच्छ राखण्यास त्याचे साहाय्य होते.

४. आपले कर्तव्य

मुंबईहून मांडव्यास जाणाऱ्या बोटींवरील उतारू कुरवांस तळलेले खाऊ फेकतात. हीच रीत आपल्याकडे आणू नये. तेलकट व खारट फरसाणाने पोट भरते, पण परतीच्या प्रवासास लागणारे खरे पोषण त्यातून मिळत नाही. एका जागी दाटी झाल्याने रोग पसरण्याचे भय असते. शिवाय रिकाम्या पिशव्या पाण्यात राहतात त्या निराळ्याच. तुटकी जाळी काठावर टाकू नयेत, कारण त्यांत पाय अडकून पक्षी मरतात. पक्षी मारणे हा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. हे पक्षी पाहण्यास लोक येतात म्हणून होडीवाल्यांच्या घरी हिवाळ्यात चार पैसे येतात, हेही ध्यानात असावे. ज्या वडीलधाऱ्यांची जमीन ह्या पाण्याखाली गेली, त्यांच्या नातवंडांस त्याच पाण्यावर भाकरी मिळत असेल, तर ते पाणी व त्यावरचे पाहुणे दोन्ही राखणे आपल्याच हिताचे आहे.

मुलांस विचारण्याचे प्रश्न

१. कुरव व सुरय ह्यांत भेद कोणता?
२. समुद्राचा म्हटलेला हा पक्षी जन्मतो कोठे, आणि तेथून का निघतो?
३. खारे पाणी पिऊनही त्यास अपाय का होत नाही?
४. त्यास फरसाण का घालू नये?