चालू प्रोजेक्ट्सचा हिशेब: अंधेरीतले अनुभवाचे बोल

इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी १९७३ मध्ये सुरू झालेल्या सीप्झमध्ये आणि शेजारच्या एमआयडीसीत आज आयटीवाल्यांची दाटी आहे. इथल्या लीडच्या हाताखाली एका वेळी एकच प्रोजेक्ट क्वचित असतं. एकाचं टेस्टिंग, दुसऱ्याचं गो-लाइव्ह, तिसऱ्याचा सपोर्ट. या धावपळीत प्रोजेक्ट्सचा हिशेब ठेवणारं टूल निवडताना जे शिकले, ते लिहिते.

१. आधी आपला प्रश्न ठरवा. माझा एकच असतो: पुढच्या आठवड्यात कोणता माणूस दोन ठिकाणी हवा आहे? प्रोजेक्ट रखडतात ते बहुतेक इथेच. डेटाबेस जाणणारा एकटाच, आणि दोन्ही क्लायंटना डिलिव्हरी शुक्रवारीच हवी. प्रत्येक प्रोजेक्टचा स्वतंत्र बोर्ड कितीही देखणा असला, तरी त्यात ही टक्कर दिसत नाही. म्हणून डेमोला आलेल्या सेल्सवाल्याला मी डॅशबोर्डचे रंग दाखवू देत नाही. सगळ्या प्रोजेक्टमधली एकाच माणसाची कामं तारखेनुसार एका पानावर दाखवा, म्हणते. कित्येक डेमो तिथेच अडतात.

२. दोन-तीन छोटी प्रोजेक्ट्स असतील तर एक्सेल पुरतं. शीटच्या चार प्रती फिरू लागल्या, की टूल घ्या.

३. कामाची जात ओळखा. येतील तशी सोडवायची सपोर्टची तिकिटं टोयोटाच्या कारखान्यातून आलेल्या कानबान बोर्डवर छान बसतात. ठरलेल्या तारखेच्या प्रोजेक्टला गँट चार्ट हवा. जिरा २००२ मध्ये आलं ते मुळात बग नोंदवण्यासाठी; त्याची ताकद अजूनही तिथेच आहे, असं माझं मत.

४. बाहेर पडायची वाट आधी पाहा. जिरा बनवणाऱ्या अ‍ॅटलासियनने १५ फेब्रुवारी २०२४ ला जिराच्या सर्व्हर आवृत्तीचा सपोर्ट थांबवला. अशी वेळ आपल्यावरही येऊ शकते, म्हणून आपला सगळा इतिहास वापरण्याजोगा एक्सपोर्ट होतो का, हे करारापूर्वी करून बघा. रेडमाइन हे टूल फुकट आहे आणि आपल्या सर्व्हरवर राहतं. पण बॅकअप, अपग्रेड आपल्याच माणसाच्या गळ्यात.

५. मुंबईत कुठल्याही टूलची खरी स्पर्धा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपशी असते. घाटकोपरहून मेट्रोत उभ्याने येणाऱ्या टेस्टरला मोबाइलवर झटकन नोंद करता आली नाही, तर ती नोंद ग्रुपवरच जाणार आणि संध्याकाळपर्यंत वाहून जाणार.

वर्षाचं लायसन्स घेण्याआधी एका चालू प्रोजेक्टवर महिनाभर वापरून पाहा. आणि निवडीच्या बैठकीला डेव्हलपर, टेस्टर यांनाही बसवा. रोजच्या नोंदी त्यांनाच करायच्या आहेत.