कुठं अडलं, ते आधी

चिखली

चि. छोटीस,


मेहकरहून तुझा निरोप मिळाला: ‘लिनक्स चढत नाही.’ एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येणार नाही. आपल्याकडे विहिरीवरची मोटर उचलली नाही, तर शेतकरी लगेच मोटर वर काढायला घेत नाही. आधी तिन्ही फेज आहेत का पाहतो, मग फ्यूज, मग स्टार्टर. संगणकापुढे बसला की मात्र तोच माणूस पहिल्या ‘एरर’ला सगळी डिस्क पुसायला निघतो. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते आणि ती जुन्या मशीनमध्ये बहुधा नसते, तेव्हा धडधाकट जुन्या मशीनवर लिनक्स टाकावं हा विचार चांगलाच आहे. तो फसतो तेव्हा खोट बहुधा लिनक्सच्या आधीच्या पायऱ्यांवर असते.

पहिली पायरी पेनड्राइव्हची. उबुंटू 24.04 ची आयएसओ फाइल पाच जीबीहून मोठी आहे, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवताना ती मध्येच तुटू शकते. तुटलेली फाइल वरून अगदी धड दिसते. म्हणून उतरवल्यावर विंडोजच्या सर्टयुटिल आज्ञेने तिचा ‘एसएचए-256’, म्हणजे फाइलचा ठसा, काढावा आणि उबुंटूने दिलेल्या 64 अक्षरांशी ताडून पाहावा. एक अक्षर जरी वेगळं निघालं, तरी फाइल पुन्हा उतरवायची. ही फाइल नुसती कॉपी-पेस्ट करूनही भागत नाही, ती रूफस किंवा बलेनाएचरसारख्या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर लिहावी लागते. वर 64 जीबी छापलेले आणि आत त्याच्या पावपट जागा नसलेले पेनड्राइव्हही बाजारात मिळतात, तेव्हा स्वस्तातला माल जपूनच घ्यावा.

सगळ्यांत जास्त घोळ होतो तो पुढच्या पायरीवर, आणि तो डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. संगणक सुरू होताना एफ12 किंवा एफ9 दाबलं (कंपनीगणिक कळ बदलते), की बूटची यादी येते. तिच्यात कितीदा तरी एकच पेनड्राइव्ह दोन वेळा दिसतो: एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ लिहिलेला, एकदा तसाच. घाईत कोणताही निवडला जातो. घरच्या मशीनवर विंडोज नव्या यूईएफआय पद्धतीने चालत असेल आणि लिनक्स जुन्या लेगसी पद्धतीने चढवलं, तर दोघांचं एकमेकांशी जमत नाही. ग्रब म्हणजे सुरुवातीला कोणती सिस्टीम उघडायची ते विचारणारा लिनक्सचा प्रोग्राम; त्याच्या यादीतून विंडोज सुरूच होत नाही, किंवा ग्रब जिथे हवा तिथे बसत नाही. विंडोज कोणत्या पद्धतीने चालतंय, हे एमएसइन्फो32 उघडून ‘बायोस मोड’ या ओळीत वाचता येतं. अर्ध्या मिनिटाचं काम. ते न करता लोक दिवसभर डिस्कचे भाग पाडत बसतात.

आता डिस्क. इन्स्टॉलरला ती दिसतच नसेल, तर ती बिघडली असं लगेच धरू नये. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती इंटेलच्या आरएसटी पद्धतीत ठेवलेली असते आणि ती बायोसमधून एएचसीआयवर न्यावी लागते. पण विंडोजला सेफ मोडमधून आधी तयार न करता हा बदल केला, तर विंडोजच उघडेनासं होतं. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर शटडाउन केल्यावरही ते पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं; मग लिनक्स विंडोजच्या भागाचा आकार बदलायला नकार देतं, आणि त्याचा नकार योग्यच असतो. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्यावी. आणि दाजींच्या हिशोबाच्या फायली, फोटो हे सगळं दुसऱ्या डिस्कवर काढल्याशिवाय कशालाच हात लावू नये. लाइन आपल्याकडे सांगून जात नाही. फायली कॉपी होताना गेली तर फार तर पहिल्यापासून सुरुवात. पण भागाचा आकार बदलत असताना गेली, तर आतला मजकूरच जाऊ शकतो. यूपीएस किंवा लॅपटॉपची भरलेली बॅटरी हवीच.

सगळं चढून रीस्टार्ट झाल्यावर काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ आलं, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उलट त्यातून बरंच कळतं: ग्रबचा पहिला तुकडा चालला, त्याला पुढच्या फायली सापडल्या नाहीत. दोन डिस्कच्या मशीनमध्ये ग्रब एकीवर आणि लिनक्स दुसरीवर गेलं, किंवा नंतर कुणी एखादा भाग पुसला, की असं होतं. त्याच पेनड्राइव्हवरून ‘ट्राय’ निवडून आत जावं, एलएसबीएलके आज्ञेने कोणता भाग कुठे आहे ते पाहावं आणि फक्त ग्रब पुन्हा बसवावा. अख्खं लिनक्स पुन्हा चढवायचं काही कारण नाही.

पडदा नुसताच काळा राहिला, तर ग्राफिक्स कार्डावर संशय घ्यावा. ग्रबच्या यादीत ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ जोडलं की बहुधा उजेड पडतो. अपडेट ‘अजून वैध नाही’ म्हणून अडलं, तर मशीनची तारीख बघावी. जुन्या डेस्कटॉपमधला सीआर 2032 सेल संपला की घड्याळ काही वर्षं मागे जातं. तो सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो.

एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहून. तीन गोष्टी एकदम बदलून मशीन चालू झालं, तर कशाने झालं ते कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा तिन्हींशी झटापट.

हे सगळं नीट शिकायचं असेल, तर आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांनी उभ्या केलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे छोटे धडे मराठी आवाजात आहेत. पडद्यावरचे शब्द इंग्रजीच ठेवलेत, ते मला पटतं. एरर समोर येते ती इंग्रजीतच. धडा नुसता बघत बसू नये, थांबवून थांबवून हाताने करत जावा.

लिनक्स उभं राहिलं की आधी वायफाय आणि आवाज तपास, मग मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोड. अक्षरं चौकोनी दिसली तर लोहित देवनागरी फॉन्ट टाक. रेड हॅटने 2004 मध्ये लोहित फॉन्ट सगळ्यांसाठी खुले केले. ताईला आणि दाजींना नमस्कार सांग.

तुझा
मामा