जुनी गाडी विजेवर : आधी हिशेब, मग पाना



पेट्रोलचा खर्च वाढला की मनात येते, जुनी व्हॅन भंगारात देण्यापेक्षा तिचे इंजिन काढून विजेची मोटर बसवली तर? कापडाचे तागे वाहणाऱ्या आमच्या व्हॅनबाबत आम्हीही हाच विचार केला. चौकशीत जे समजले ते येथे देत आहोत.

काम काय असते?

इंजिन, टाकी, रेडिएटर व सायलेन्सर निघतात. गिअरबॉक्स बहुधा तोच राहतो व मोटर त्याला खास बनवलेल्या प्लेटने जोडतात. मोटरला किती वीज द्यायची हे कंट्रोलर ठरवतो, तर बॅटरीच्या प्रत्येक सेलवर बीएमएस नावाचे यंत्र नजर ठेवते. दिवे व हॉर्नसाठी 12 व्होल्टचा कन्व्हर्टर लागतो. एक गोष्ट हमखास विसरली जाते. ब्रेक बूस्टर असलेल्या गाडीत त्याला लागणारा व्हॅक्यूम इंजिनातून मिळतो. इंजिन गेले की वेगळा विजेचा पंप हवा, नाहीतर भरल्या गाडीचा ब्रेक जड होतो.

हिशेब

पेट्रोल 105 रुपये लिटर व गाडीची सरासरी 14 किलोमीटर धरा. किलोमीटरला साडेसात रुपये पडले. विजेवर चार्जिंगची घट धरून किलोमीटरला 0.18 युनिट लागते. युनिट 10 रुपये धरले तर 1 रुपया 80 पैसे. बचत 5 रुपये 70 पैसे.

आता किट व मजुरीचे 4 लाख धरू. रोज 50 किलोमीटर, वर्षाला 300 दिवस गाडी चालली तर वर्षाची बचत 85,500 रुपये, म्हणजे पैसे पावणेपाच वर्षांत सुटतात. रोज 15 किलोमीटरच चालली तर साडेपंधरा वर्षे! तोवर बॅटरीही बदलावी लागेल.

वजनही तोला. 3.2 व्होल्टचे, 150 अँपिअर-तासाचे 30 सेल जोडले की 96 व्होल्ट व 14.4 युनिट होतात. त्यावर गाडी सुमारे 80 किलोमीटर जाते, पण बॅटरी सव्वाशे किलोच्या आसपास भरते. इंजिन निघाल्याने थोडे वजन घटते, तरी काही तागे कमी भरावे लागतील.

कागद

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार आरटीओच्या मंजुरीविना असा बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. किट पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेने तपासलेले हवे, ते अधिकृत कारागिरानेच बसवायला हवे आणि आरसी बुकात नोंद व्हायला हवी. विमा कंपनीलाही कळवावे लागते. म्हणजे घरच्या अंगणात करण्याचे काम हिशेबाचे, जोडणीचे नव्हे. इंजिन ठेवून मोटर जोडण्याच्या हायब्रिड किटलाही असेच नियम आहेत.

एका मिस्त्रीने आम्हाला सांगितले, ‘‘सेठ, निम्म्या पैशात करून देतो, कागदांचे नंतर पाहू.’’ क्षणभर मन डळमळले. पण 96 व्होल्टचा डीसी करंट माणसाचा जीव घेऊ शकतो. तारेत ठिणगी पडली तर मागे कापडच भरलेले असते. उद्या कोणी जखमी झाला आणि विमा कंपनीने हात वर केले, तर त्याचा हक्क आमच्या मानेवर राहील. हुकूकुल इबादचा हा मामला निम्म्या किमतीत मिटत नाही.

आमची गाडी रोज पंधरा किलोमीटरच फिरते, म्हणून आम्ही थांबलो. ज्यांची गाडी रोज पन्नास किलोमीटर धावते, चेसी गंजलेली नाही आणि पैसा व्याजाने काढावा लागत नाही, त्यांनी अवश्य चौकशी करावी. हप्ते बांधायचे असतील तर किंमत आधी ठरवून लेखी करार करावा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआननेच दिली आहे.

गॅरेजवाल्या बंधूंना एक विनंती. इंजिनाचे काम एक दिवस कमी होणार आहे. मोटर, कंट्रोलर व बॅटरीचे काम आजच शिका, किट बनवणाऱ्यांकडून प्रशिक्षण व अधिकृत परवानगी मिळवा. हात तोच राहील, हुनर मात्र नवे लागेल.